हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर मुद्दाम त्रास देतात, ख्रिस्ती म्हणून किती सहन करायचं?

नगरची_लेक:

सगळ्यांना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी नगर जिल्ह्यातली, पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, हॉस्पिटलचं नाव नका विचारू. आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरचं माझ्याशी काय बिनसलंय मला खरंच कळत नाही. आधी बऱ्या होत्या, मग मी एकदा रविवारची सकाळची ड्युटी बदलून मागितली उपासनेसाठी, तेव्हापासून सुरू झालं. रोस्टर लागलं की बघावं तर माझ्या नाइट संपतात, एक ऑफ, की परत नाइट, बाकीच्यांना असं नाही. शिफ्ट बदलताना ओव्हर देताना सगळ्यांसमोर, कधी पेशंटच्या नातेवाइकांसमोरसुद्धा, "हिला विचारू नका, हिला काही येत नाही". नाताळची सुट्टी मी सगळ्यात आधी मागितली होती तीही कापली, आणि वर म्हणाल्या, "तुमच्यात एका गालावर मारलं की दुसरा पुढे करतात ना, मग कर की नाइट". सगळे हसले. मी पण हसले, काय करणार.

आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले सहन कर, प्रभूने किती सहन केलं, मुकुट मिळेल. माझा भाऊ म्हणतो सरळ सुनाव नाहीतर डोक्यावर बसतील. मी रोज प्रार्थनेत म्हणते की मी त्यांना क्षमा केली, आणि दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यांचा आवाज आला की पोटात गोळा येतो, मग ती क्षमा खरी की खोटी? घरी येऊन आईवर चिडते ते वेगळंच.

मला उलट बोलायचं नाहीये, पण असंच गप्प राहिले तर मी आतून कडू होईन असं वाटतं. वर तक्रार केली तर ते ख्रिस्ताच्या शिकवणीच्या विरुद्ध होतं का? आणि नोकरी सोडली तर तो पळपुटेपणा का? ज्यांनी असं काही भोगलंय त्यांनी सांगा, नुसतं "प्रार्थना करते ताई" असं लिहू नका प्लीज, प्रार्थना मी पण करतेय.

काळेवाडीकर:

ताई तुझा भाऊ बरोबर बोलतोय. लोक आपल्याला हेरतात, हा चर्चवाला आहे ना, हा काही बोलणार नाही, मग सगळी घाण कामं आपल्याकडे. माझ्या कंपनीत सेम. मी एकदा सगळ्यांसमोर झापला सुपरवायझरला, त्यानंतर लाइनीत आला. गाल बिल पुढे करायचं ते त्या काळात ठीक होतं.

मास्तर_निवृत्त:

बाळ, तुझा प्रश्न नीट मांडला आहेस म्हणून जरा सविस्तर लिहितो. आयुष्यभर मुलांना शिकवलं, शब्बाथ शाळाही चालवली, त्यामुळे लांबण लागेल.

काळेवाडीकर, "त्या काळात ठीक होतं" हे काही पटलं नाही. त्या काळात तर ते आजच्यापेक्षा अवघड होतं. रोमी शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावू शकत असे, कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावला तो असाच वाटेवर धरून. अशा लोकांना प्रभू सांगतो की एक मैल नेलं तर दोन मैल जा. म्हणजे पहिला मैल त्याच्या जबरदस्तीचा आणि दुसरा तुझ्या मर्जीचा. दुसऱ्या मैलावर शिपाईच गोंधळला असेल, की याला मी आणलं की हाच मला घेऊन चाललाय. यात लाचारी कुठेच नाही.

पण पाळकसाहेबांनी जे सांगितलं ते मला अर्धंच वाटतं (त्यांचा मान राखूनच म्हणतो). प्रभूने सहन केलं हे खरंच, पण तो गप्प बसला का? योहान १८ काढून बघ. अन्ना नावाच्या याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो, प्रमुख याजकाला असं उत्तर देतोस काय म्हणून. ज्याने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं त्याने त्या क्षणी काय केलं? तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. शिवी नाही, शाप नाही, हात उचलणं नाही, पण मारणाऱ्याला जाब विचारला, तोही सरळ त्याच्याकडे बघून. हा उतारा मी उपदेशात फार कमी ऐकला आहे, का ते मला माहीत नाही, कदाचित सहन करा सांगणं सोपं असतं म्हणून असेल.

दुसरा उतारा प्रेषितांची कृत्ये १६. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून आतल्या तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात. रात्री भूकंप होतो, दारं उघडतात, तुरुंगाचा नायक घाबरून तलवार काढतो स्वतःला संपवायला, कारण कैदी पळाले तर त्याचंच डोकं जाणार. पौल ओरडून त्याला थांबवतो, आम्ही सगळे इथेच आहोत. ज्याने खोड्यात अडकवलं त्याचाच जीव वाचवतो. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं बघ. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात की सोडून द्या त्यांना. पौल म्हणतो, असं कसं, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड उघड फटके मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या केल्या. एकाच अध्यायात एकच माणूस, नायकाला जीवदान देतो आणि अधिकाऱ्यांना हिशोब मागतो. पुढे तर त्याने कैसराकडे अपील केलं. तेव्हा मेट्रनकडे अर्ज करणं ख्रिस्ताच्या विरुद्ध कसं होईल मला तरी कळत नाही.

सहन करण्यासाठी लोक पेत्राचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय काढतात. तिथे पेत्र घरातल्या चाकरांना लिहितोय, गुलामांनाच म्हण ना, ज्यांना दाद मागायला जागाच नव्हती. ज्याला दारच नाही त्याला तो देवाकडचं दार दाखवतोय. तुझ्याकडे मेट्रन आहे, एचआर आहे. आणि त्याच ठिकाणी तो असंही म्हणतो की चुकीबद्दल मार खाल्ला आणि सोसला तर त्यात कसली बढाई. म्हणून एक काम आधी कर, त्या बाई जे बोलतात त्यातलं टोमणे सोडून बाकी काही खरं आहे का ते थंड डोक्याने बघ, चार्टिंगमध्ये काही राहत असेल तर ते सुधार, बाकी सगळं बाजूला ठेव.

आपल्या इकडचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. त्यांची शाळा शारदा सदन मुंबईत १८८९ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यात आली, आणि १८९३ ला पुण्यात गदारोळ, की या विधवा मुलींना बाटवतात. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांसारखे भले लोकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वर्तमानपत्रात काय काय छापून येत होतं. बाईंनी शाळा बंद केली नाही आणि सूडाचं राजकारणही केलं नाही. नंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिकडे जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आता कुणी म्हणेल की बाई शांत होत्या. अजिबात नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग हॉस्पिटलात बायकांची जी अवस्था होती त्यावर त्यांनी बॉम्बे गार्डियन या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, गव्हर्नर सँडहर्स्टचं सरकार चिडलं, पार्लमेंटपर्यंत विषय गेला. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून बाई गप्प बसल्या, असं झालं नाही. स्वतःवर चिखल उडाला तेव्हा कामाला लागल्या, मुलींवर आली तेव्हा लेखणी काढली. मला हे फार शिकण्यासारखं वाटतं.

काळेवाडीकर:

मास्तर काका उत्तर भारी आहे, योहान १८ मी वाचलं होतं पण असं लक्षात नव्हतं आलं. तरी माझा एक मुद्दा राहतोच, पौलाकडे रोमी नागरिकत्व होतं म्हणून ते अधिकारी घाबरले. आपल्याकडे काय आहे? कॉन्ट्रॅक्टवरच्या नर्सने अर्ज केला तर उद्या नारळ.

मास्तर_निवृत्त:

मुद्दा रास्त आहे. म्हणूनच पौलाच्या रोमकरांस पत्रात, अध्याय १२ मध्ये वाक्य आहे, शक्य असेल तर, सर्व माणसांबरोबर तुम्हांकडून होईल तितके शांतीने राहा. "शक्य असेल तर" आणि "तुम्हांकडून होईल तितके", असे दोन दोन टेकू पौलाने स्वतःच लावून ठेवलेत. त्याला माणसं माहीत होती. नोकरीचा धोका किती घ्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, आपण इथे बसून तिला शूर व्हायला सांगू नये.

पापडीकर:

मी वसईची, कॅथलिक. क्षमा म्हटलं की इथे कुणीतरी स्टेन्स बाईंचं उदाहरण देणारच म्हणून मीच आधी देते आणि पुढे जाते. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप, तिमथी ही त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सनी क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपदाला कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. पण खटला चालला, मुख्य आरोपी दारासिंगला आधी फाशी, मग हायकोर्टात २००५ ला जन्मठेप, २०११ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. म्हणजे त्यांच्या क्षमेने कोर्टाला कुलूप लागलं नाही. हे नीट सांगत नाही कुणी, नुसतं "बघा त्यांनी माफ केलं" एवढंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण फारच क्षुद्र.

मला जास्त जवळची वाटते ती सिस्टर राणी मारियाची गोष्ट, सिस्टर म्हणजे नन, नर्स नाही. केरळची, काम इंदूरजवळ उदयनगर भागात, आदिवासी लोकांत. त्यांना बचत शिकवायची, सावकाराच्या कर्जातून सोडवायची, हक्काच्या सरकारी योजना मिळवून द्यायची. सावकारांचं आणि जमीनवाल्यांचं पोट दुखायला लागलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला चालत्या बसमध्ये सगळ्यांसमोर भोसकून मारलं तिला. मारणारा समुंदर सिंग, तरुण पोरगा, दुसऱ्यांच्या चिथावणीने आलेला. त्याला जन्मठेप झाली. आणि २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. भाऊ म्हणून. पुढे आईनेही त्याला माफ केलं, तो सुटून आल्यावर केरळला त्यांच्या घरी जाऊन आला. २०१७ ला इंदूरला सिस्टरना धन्य घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता.

यात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे राणी मारिया अन्यायाबद्दल गप्प राहिली असती तर तिला कुणी मारलंच नसतं, ती गरिबांच्या बाजूने बोलत होती. आणि राखी सात वर्षांनी बांधली गेली. सात वर्षं! मधल्या काळात त्या घरात काय काय झालं असेल, किती वेळा मन मागे फिरलं असेल. म्हणून नगरची_लेक, आवाज ऐकून पोटात गोळा येतो म्हणजे क्षमा खोटी असं अजिबात नाही गं. शरीराला वेळ लागतो. आमचे फादर कन्फेशनला एकदा म्हणाले होते की रोज नव्याने क्षमा करावी लागते, कालची आज पुरत नाही. पेत्राने सात वेळा क्षमा करू का असं विचारलं तर येशूने सत्तर गुणिले सात सांगितलं, मला वाटतं बऱ्याचदा ते एकाच अपराधाबद्दल असतं, तोच तोच आठवतो आणि तेच तेच सोडावं लागतं.

नाव_नको:

हा विषय वाचून लिहायचं नव्हतं पण लिहिते. वरचं सगळं ऑफिस, हॉस्पिटल, ठीक. पण इथे कुणी बायका हे आपल्या नवऱ्याच्या संदर्भात वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

मला हेच सगळे उतारे ऐकवले गेले. दुसरा गाल, सत्तर गुणिले सात, प्रीती सर्व काही सहन करते. ऐकवणारे आमच्या चर्चच्या मंडळीतलेच वडीलधारे, चहा पिऊन, आमच्याच घरात बसून. मारणाऱ्याला कुणी एक उतारा ऐकवला नाही. मी म्हणते नवऱ्यांनी बायकोवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करावी हे पण बायबलात, इफिसकरांस पत्रात आहे ना, ते पान चिकटलंय का तुमच्या बायबलचं?

मारहाण होत असेल तर आधी बाहेर पडा. क्षमा बाहेर पडूनही करता येते, लांबून करता येते, त्या घरात राहणं ही तिची अट नाही. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला गुहेत हातात सापडलेला असताना सोडला, नुसता झग्याचा काठ कापला, आणि मग लांबून हाक मारून सगळं बोलला, माझा काय अपराध म्हणून. शौल रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान म्हणाला. आणि तरी दाविद त्याच्याबरोबर राजवाड्यात परत गेला नाही, गडावर गेला. बरं झालं गेला नाही, कारण दोनच अध्यायांनी शौल परत मागावर आला. हे माझ्या एका मैत्रिणीने मला दाखवलं, पाळकांनी नाही.

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, घरात राहण्याचा हक्क मागता येतो. १८१ वर फोन करता येतो. आणि ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावरून घटस्फोट मागता येतो, २००१ च्या दुरुस्तीपासून, आधी नवऱ्याचा व्यभिचार आणि वर छळ असं दोन्ही सिद्ध करावं लागायचं. जुन्या लोकांना अजून जुनाच कायदा माहीत असतो, त्यांच्या भरवशावर राहू नका. माझं पुढे काय झालं ते इथे नाही लिहीत.

पापडीकर:

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

इंद्रायणीकाठी:

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, पण धागा आवडला म्हणून लिहितोय, चालेल ना. आमच्याकडे नाथांची गोष्ट सांगतात, पैठणला एकनाथ महाराज गोदेवर स्नान करून येताना एक माणूस रोज अंगावर थुंकायचा, महाराज परत नदीवर जायचे, परत थुंकायचा, परत स्नान, शेवटी तोच पाया पडला आणि महाराज म्हणाले तुझ्यामुळे इतक्या वेळा गोदास्नान घडलं. लहानपणी कीर्तनात ऐकली की अंगावर काटा यायचा. तुमच्या दोन मैलांच्या गोष्टीशी जुळते असं वाटलं.

काळेवाडीकर:

गोष्ट मस्त आहे दादा पण नाथांचं रोस्टर त्या माणसाच्या हातात नव्हतं ना 😄

मास्तर_निवृत्त:

इंद्रायणीकाठी, चालेल का काय विचारता, अवश्य लिहा. आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतःच म्हणत की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा तुमचं आमचं नातं जुनं आहे. काळेवाडीकराची कोटी मात्र मान्य करावी लागेल, थुंकणाऱ्याकडे अधिकार नव्हता. वरच्या हुद्द्यावरचा माणूस त्रास देतो तेव्हा तुझ्यामागोमाग पुढच्या नव्या मुलीलाही देणार असतो, म्हणून तिथे बोलणं हे त्या पुढच्या मुलीवरही प्रेम करणं असतं.

वॉर्ड_नंबर_सात:

मी स्वतः नर्सिंगमध्ये आहे, इन्चार्ज पण होते काही वर्षं, आता ओपीडीला आहे. सगळ्यांनी शास्त्रातलं इतकं छान सांगितलं की मी त्यात पडत नाही, मी तुला वॉर्डातलं सांगते.

आधी एकटीत बोल. ओव्हरच्या वेळी नाही, राउंड चालू असताना तर नाहीच, दुपारी जरा निवांत असतात तेव्हा त्यांच्या टेबलाशी जा आणि बसून बोल. मत्तय १८ मध्येही तोच क्रम आहे ना, आधी एकांतात, मग एक दोन जणांना घेऊन, मग सगळ्यांपुढे. तुमच्या इन्चार्ज मंडळीतल्या नसतील पण क्रम शहाणपणाचा आहे. "तुम्ही मला त्रास देता" असं सुरू केलंस तर त्या लगेच बंद होतील. असं म्हण, सिस्टर, माझ्या नाइट लागोपाठ येतायत, हे बघा रोस्टर, मला झेपत नाहीये, आणि नातेवाइकांसमोर तुम्ही मला काही येत नाही म्हणालात ते मला लागलं, माझं काही चुकत असेल तर मला इथे बोलावून सांगा, मी सुधारेन. एवढंच. रडू आलं तर येऊ दे, पण वाक्य पूर्ण कर.

रोस्टरचा दर महिन्याला फोटो काढून ठेव. हे सूड म्हणून नाही, मेट्रनसमोर "मला नेहमी" असं म्हणून चालत नाही, कागद लागतो. बोलून फरक नाही पडला तर मेट्रनला लेखी दे, ईमेल असेल तर उत्तम. तुमचं हॉस्पिटल एनएबीएचवालं (दर्जाची मान्यता मिळालेलं) असेल तर स्टाफच्या तक्रारींची ठरलेली पद्धत त्यांना ठेवावीच लागते, एचआरला विचार. आणि एक घोटाळा बऱ्याच मुली करतात, सरळ आयसीकडे जातात. ती २०१३ च्या कायद्याची कमिटी फक्त लैंगिक छळासाठी आहे, रोस्टरच्या त्रासासाठी नाही, तिथे दिलंस तर ते परत पाठवतील आणि तू तोंडघशी पडशील.

आता जे मला खरं बोलायचंय ते. आपण नर्सेस बदला घेत नाही असं आपल्याला वाटतं कारण आपण भांडत नाही. पण पँट्रीमध्ये काय चालतं? त्यांच्या नवऱ्यापासून साडीपर्यंत सगळं निघतं. हाक मारली की न ऐकल्यासारखं करायचं, त्यांना हवी ती फाइल मुद्दाम उशिरा शोधायची, त्यांच्याकडून काही चुकलं की डॉक्टरांसमोर ते कळेल अशी व्यवस्था करायची. आणि चर्चवाल्यांचं तर आणखीच, बायबल स्टडीत प्रार्थनाविनंती म्हणून सगळी कहाणी नावासकट सांगायची, म्हणजे निंदाही झाली आणि भक्तीही. हे सगळं सोडायचं. जिला सांगायचं तिला तोंडावर सांग, जिच्याकडे न्याय आहे तिला लेखी सांग, आणि पँट्रीत हवा पाण्यावर बोल. तोंडावर सुनावण्यापेक्षा हे कितीतरी जड जातं, करून बघ.

आणि काम. त्यांच्या वाटणीचं काही अडलं, एखादी आयव्ही लागत नाहीये, ब्लड बँकेला कुणी जायला नाहीये, तर हात पुढे कर, पण मस्का म्हणून नाही, जसं दुसऱ्या कुणासाठी केलं असतंस तेवढंच. चांगलं वागून त्यांच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास रचायची, म्हणजे त्यांना लाजवायचं वगैरे मनात ठेवून करू नकोस, कळतं समोरच्याला. सुधारतील की नाही ते तुझ्या हातात नाही. माझ्या वेळच्या बाई नाही सुधारल्या, रिटायर झाल्या तशाच.

नोकरी सोडण्याबद्दल, पुण्यात अनुभवी स्टाफला नोकरी मिळते. बोलून, लिहून झालं आणि तरी चालूच राहिलं तर दुसरीकडे अर्ज कर आणि नोटीस पिरियड नीट पूर्ण करून, ओव्हर व्यवस्थित देऊन जा. येशूनेच शिष्यांना सांगितलं होतं ना की एका गावात छळ केला तर दुसऱ्या गावाला जा.

नगरची_लेक:

सगळ्यांचे खूप आभार, नाइटला ब्रेकमध्ये वाचतेय हे. नाव_नको ताई, तुमचं दोनदा वाचलं. मास्तर काका, तुमच्यामुळे योहान १८ परत वाचला.

वॉर्ड_नंबर_सात ताई, पँट्रीचं वाचून हसू आलं कारण अगदी तसंच आहे आमच्याकडे. मी बोलायचं ठरवलंय या आठवड्यात, त्यांची जनरल ड्युटी आहे तेव्हा. विचारायचं होतं की लेखी द्यायची वेळ आलीच तर ते गालाचं बोलणं त्यात लिहायचं का? भावाचं म्हणणं तेच सगळ्यात वर लिही, धर्मावरून बोलल्या म्हणून, मग बघ कसे घाबरतात. मला ते बरोबर वाटत नाही पण सोडून द्यावं असंही वाटत नाही.

वॉर्ड_नंबर_सात:

लिही. सगळ्यात वर नको, घाबरवायला नको, पण लिही. आधी रोस्टरचं, मग सगळ्यांसमोर बोलण्याचं, आणि त्यातच तारीख, कोणती शिफ्ट, कोण कोण हजर होतं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे. आपलं विशेषण एकही लावायचं नाही, अपमानास्पद, जातीयवादी, काही नाही. वाचणाऱ्याला कळतं. आणि शेवटी तुला काय हवंय ते स्पष्ट लिही, नाहीतर मेट्रन "बरं बघते" म्हणून ठेवून देतात.

मास्तर_निवृत्त:

सहमत. आणि अर्ज पाठवण्याआधी एक रात्र ठेव आणि सकाळी परत वाच. त्या रात्री राग आला तर स्तोत्र ३५ किंवा १०९ मोठ्याने वाच, दाविदाने शत्रूबद्दल जे जे देवाला सांगितलंय ते वाचून तुला तुझा राग फारच सौम्य वाटेल. देवाला सांगायला काही हरकत नसते, ते अर्जात यायला नको एवढंच.

काळेवाडीकर:

लेखी देशील तेव्हा एक कॉपी स्वतःकडे ठेव आणि दुसऱ्या कॉपीवर रिसीव्हचा शिक्का घे, एवढं माझं पण ऐक. आणि नाताळच्या ड्युटीचं काय झालं, ते राहिलंच की.

नगरची_लेक:

तिचं काहीतरी जमतंय बहुतेक. आमच्या वॉर्डातली एक मुलगी आहे सोलापूरची, ती म्हणाली दिवाळीत तू माझी लक्ष्मीपूजनाची नाइट घे, नाताळला मी तुझी घेते. स्वॅप रजिस्टरमध्ये लिहून दोघींनी सही केलीय, आता फक्त इन्चार्जची सही बाकी आहे, म्हणजे परत त्याच टेबलाशी जायचंय.

वॉर्ड_नंबर_सात:

मग एकाच वेळी दोन्ही बोलू नकोस. आधी स्वॅपवर सही घे.